वाद्यं जमवण्याचा नाद कसा सोडावा : भिवंडीकरांसाठी उपचारपुस्तिका

मुंबईतल्या माणसाला वाद्यं जमवण्याचा नाद लागला तर त्याला आवरायला त्याचं घरच समर्थ असतं. पहिला तानपुरा उभा केला की कोपरा संपतो, दुसरा आणला की कपाट सरकवावं लागतं आणि तिसऱ्याच्या वेळी घरातली माणसं सरकायला नकार देतात. दुखणं तिथेच आटोक्यात येतं. भिवंडीकराच्या नशिबी ही सोय नाही. मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे, अंजूर फाटा, जिकडे पाहावं तिकडे गोदामंच गोदामं. ज्याच्या मेहुण्याचा गाळा आहे आणि गाळ्यात एक कोपरा रिकामा आहे, त्याला जागेचं कारण सांगून कोण अडवणार?

पूर्वी दुसरा एक अडसर होता, तो म्हणजे रस्ता. वाद्य बघायचं तर दादरला हरिभाऊ विश्वनाथकडे नाहीतर धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये जावं लागे, आणि भिवंडीहून दादर गाठायचं तर आधी ठाणे किंवा कल्याण गाठायला हवं. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर; तिथून दादरला थेट लोकल नाही. अंजूर फाट्याच्या कोंडीत आणि मेट्रोच्या पत्र्यांमध्ये तासभर अडकलं की भल्याभल्यांची सारंगी घ्यायची हौस कशेळीच्या पुलाआधीच ओसरायची. घरपोच सेवेने हा नैसर्गिक उपाय निकामी केला. उलट अॅमेझॉन-फ्लिपकार्टची मोठाली गोदामं भिवंडीच्याच अंगणात असल्यामुळे मागवलेली बासरी कधी कधी शेजारच्या गावातूनच निघत असेल. म्हणून भिवंडीकरासाठी वेगळी उपचारपुस्तिका लागते. ती पुढीलप्रमाणे.

पहिली पायरी निदानाची. दुखणं जुनं आणि जागतिक आहे. स्टीली डॅन या अमेरिकी बँडचे वॉल्टर बेकर यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गिटारवाल्यांच्या एका मासिकात त्याला ‘गिटार अॅक्विझिशन सिंड्रोम’ असं नाव दिलं. वैद्यकीय वाटणारं नाव मिळाल्यामुळे रुग्णांना इतका आनंद झाला की त्यांनी तो साजरा करायला आणखी गिटारी घेतल्या असाव्यात.

निदान करताना एक काळजी घ्यावी. प्रत्येक गर्दी म्हणजे रोग नव्हे. बासरीवाल्याला प्रत्येक पट्टीसाठी वेगळी बासरी लागते. त्याच्या पिशवीत डझनभर बासऱ्या निघाल्या तर तो निरोगी समजावा. तबलजीकडे काळी एकचा, काळी चारचा, पांढरी पाचचा असे तीन-चार तबले असणंही रास्तच, कारण पुरुष गायक आणि स्त्री गायिका यांच्या पट्ट्या वेगळ्या. रोगी ओळखायचा तो त्याच्या युक्तिवादावरून. ‘ही पेटी वाजवायची नाही, हिचे सूर जर्मन आहेत’ असं जो म्हणतो, तो गेला. पालिताण्याच्या सुरांची पेटी वाजवायला, जर्मन सुरांची दाखवायला आणि बावीस श्रुतींची ‘कधी शिकलोच तर’ असं ज्याचं वर्गीकरण आहे, त्याच्यावर उपचार ताबडतोब सुरू करावेत.

दुसरी पायरी : मोजदाद. रुग्णाला वही द्यावी आणि सगळ्या वाद्यांची यादी करायला सांगावी. यादीचे रकाने शोधायला लांब जायला नको. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले : तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. तारेची, फुंकेची, चामड्याची आणि धातूची किंवा लाकडाची ठोकायची. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यातला सहावा अध्याय सगळा वाद्यांना दिला. पुढे एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या शौरींद्रमोहन ठाकुरांनी बेल्जियमच्या राजाला जवळजवळ शंभर भारतीय वाद्यं भेट पाठवली. ती ब्रसेल्सच्या संग्रहालयात मांडताना तिथल्या व्हिक्टर माहियोंनी हीच चौरंगी विभागणी हाताशी धरली आणि १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी त्यावरूनच जगभर चालणारी वर्गवारी बेतली. थोडक्यात, फार वाद्यं साठली की माणसाला शास्त्र सुचतं. रुग्णाच्या वहीत मात्र शास्त्राऐवजी पाचवा रकाना निघतो, ‘दुरुस्तीला टाकलेली’, आणि बहुधा तोच सर्वांत लांब असतो.

यादी करताना रुग्ण थोर पूर्वजांची नावं पुढे करील. त्याला बोलू द्यावं, कारण पूर्वजांचा दाखला नीट तपासला तर तो रुग्णाच्याच अंगावर उलटतो.

भिवंडी तालुक्यातलंच अंजूर घ्या. इथल्या गंगाजी नाईकांनी पोर्तुगिजांविरुद्ध पेशव्यांची मदत मिळवण्यासाठी खटपट केली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या मोहिमेत हाती आलेल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. घंटा हे शास्त्राप्रमाणे घनवाद्य, म्हणजे महाराष्ट्राच्या इतिहासातली एकरकमी वाद्यप्राप्तीची ही बहुधा सर्वांत वजनदार घटना. पण चिमाजी अप्पांनी त्या शनिवारवाड्याच्या माडीवर ओळीने मांडून पाहुण्यांना दाखवल्या नाहीत. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. जी जिथे गेली तिथे टांगली गेली. मेणवलीच्या घाटावर चित्रपटांच्या चित्रीकरणाची गर्दी असते तेव्हासुद्धा ती घंटा तिच्या जागी असते. जमवलं आणि वाटून टाकलं, हा या प्रकरणाचा हिशेब.

रुग्ण यावर पुण्याच्या काका केळकरांचं नाव घेईल. घेऊ द्यावं. दिनकर गंगाधर केळकर यांचं चष्म्याचं दुकान होतं, ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता करत, आणि १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवायचा छंद लागला. अडकित्ते, दिवे, दरवाजे, दौती, वाद्यं, काहीही. कोथरूडहून मस्तानीचा महाल लाकडासकट उचलून आणण्यापर्यंत मजल गेली. संग्रह वीस हजारांच्या घरात पोचला; खरेदीपायी पत्नी कमलाबाईंचे दागिने गेल्याची हकिकत पुण्यात अजून सांगतात. रुग्ण इथपर्यंत आला की डोळ्यांत चमक आणून थांबतो. त्याला पुढचं वाक्य आपण सांगायचं : अखेर केळकरांनी हे सगळं महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने शुक्रवार पेठेत संग्रहालय उभं राहिलं. त्यात वाद्यांचं दालन आहे, तिकीट काढून कुणालाही बघता येतं. मेहुण्याच्या गाळ्यातली वाद्यं बघायला मेहुणासुद्धा जात नाही.

इथे एक धोक्याची सूचना. दान हा उपाय रामबाण नव्हे. न्यूयॉर्कच्या मेरी एलिझाबेथ ब्राउन यांनी १८८९ साली आपला वाद्यसंग्रह मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि मग संग्रहालयासाठी म्हणून पुन्हा जमवायला घेतलं. शेवटी आकडा साडेतीन हजारांच्या वर गेला. बाईंचा नाद सुटला नाही, फक्त पत्ता बदलला.

तिसरी पायरी पावसाळ्याची, आणि ती सर्वांत गुणकारी. उपचार जूनमध्ये सुरू करावेत. रुग्णाने ऑगस्टअखेरपर्यंत एकही नवं वाद्य आणायचं नाही, फक्त असलेली सांभाळायची. नियम एवढाच.

पाऊस लागला की आधी चामडं बोलतं. तबल्याची पुडी दमट होते, स्वर उतरतो. हातोडी घेऊन गट्ठे ठोकत बसायचं, दोन तासांनी पुन्हा उतरलेला. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. काळी दोन दाबली की शेजारची पांढरी सोबत खाली जाते आणि वर यायचं नाव घेत नाही. आत पितळी सुरांवर ओल धरते, आणि ज्याचं घर यंत्रमागाच्या कारखान्याला लागून आहे त्याच्या पेटीत कापसाची बारीक धूळ जाऊन त्या ओलीवर चिकटते. मग एखादा सूर मुका होतो, एखादा नुसता फुसफुसतो. पेटी उघडायची, भाता तपासायचा, सुराची जीभ पातळ पत्र्याने अलगद उचलून साफ करायची. फार खरवडली तर सूर कायमचा बिघडतो. एका पेटीला अख्खा रविवार लागतो. रुग्णाकडे पाच पेट्या असतील तर श्रावण संपला.

तारांचं गणित आणखी गोड. सतारीला तरफांसकट अठरा-वीस तारा. सारंगीच्या तरफाच पस्तिशीच्या पुढे. तीन सतारी आणि एक सारंगी बाळगणाऱ्याच्या घरी शंभराच्या आसपास तारा गंजत असतात. त्या उतरवायच्या, पुसायच्या, गंजलेल्या बदलायच्या, पुन्हा चढवायच्या, आणि शेवटची चढते तोवर पहिली उतरलेली असते. तानपुऱ्याला चारच तारा म्हणून रुग्ण खूश असतो. त्याला जवारी लावायला बसवावं. तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवत नेमकी गुंजणारी जागा शोधायची. गावभर सूत असलेल्या भिवंडीत धाग्याला तोटा नाही. पण पलीकडे माग खडखडत असताना जवारी लागली की नाही हे ऐकायचं कसं, हा प्रश्न रुग्णावरच सोडावा.

पखवाजाला तर रोजची कणीक लागते. वाजवण्याआधी डाव्या पुडीवर, धुमेवर, भिजवलेल्या कणकेचा गोळा थापायचा, वाजवून झालं की सगळा खरवडून काढायचा. राहिला तर वाळून कातडं धरतो आणि रात्री उंदीर येतात. सप्ताहात वाजवणाऱ्या पखवाजवाल्याला यात काही विशेष वाटत नाही. चार पखवाज शोभेला ठेवलेल्या माणसाला चौथ्या दिवशी वाटतं. कणकेचा हिशेब स्वयंपाकघराने ठेवावा. त्याने गुण लवकर येतो.

भिवंडीतल्या रुग्णांना एक फायदा आहे, तो त्यांच्यापासून लपवून ठेवावा. इथे कोरं कापड मुबलक. कुणाच्या तरी कारखान्यातून तुकडे मिळतात आणि प्रत्येक वाद्याला गवसणी शिवून होते. एकदा गवसणी चढली की तानपुरा कोणता नि रुद्रवीणा कोणती हे घरच्यांना ओळखू येत नाही, आणि मोजायचं तर मुळीच जमत नाही. रुग्ण शिंप्याकडे वारंवार जाऊ लागला तर समजावं की संग्रह वाढतोय.

बंदीने नाद सुटेल का, असं घरची मंडळी विचारतात. तो प्रयोग सरकारने करून झाला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तिच्या ठरलेल्या सुरांत श्रुती बसत नाहीत, मींड निघत नाही, ही तक्रार. बंदी उठायला १९७१ उजाडलं. त्या एकतीस वर्षांत महाराष्ट्रातल्या देवळातली, नाटकातली, शाळेतली पेटी जागची हलली नाही. गोविंदराव टेंब्यांची पेटी मैफलीत वाजत होती, आणि पेटीवर जीव असलेले पु. ल. देशपांडे तर याच काळात आकाशवाणीत नोकरीला होते. तेव्हा बंदीच्या भानगडीत न पडलेलं बरं.

यंत्रांनी काम भागेल, हाही भ्रम. बंगळूरच्या रॅडेलने इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात आणला तेव्हा भोपळ्याचे तानपुरे कमी होतील असं वाटलं असेल. झालं असं की रुग्णाच्या घरी भोपळ्याचा राहिला, खोक्यातला आला, शिवाय मोबाइलमध्ये तीन अॅप झाली.

चौथ्या पायरीत प्रवासाचं पथ्य येतं. मिरजेला जाऊ नये. निदान एकट्याने जाऊ नये. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी घटल्यावर सतारी-तानपुरे घडवायला घेतले, आणि आज सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तेच काम चालतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा सुकवून, कापून, भिजवून, आतून काड्या लावून आकाराला आणलेला तिथे डोळ्यांसमोर दिसतो. भोपळ्याला तुणाचं लाकूड जोडलं जाताना एकदा पाहिलं की पाकीट आपोआप उघडतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, त्यामुळे रुग्णाच्या हाती नवा युक्तिवाद आला. जायचंच असेल तर मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात जावं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे गाणं-बजावणं होतं. बसून ऐकावं आणि दुकानं उघडायच्या आत परत फिरावं.

पाचवी पायरी कायद्याची. जुन्या बाजारात ‘आजोबांच्या काळातली’ म्हणून सतार दाखवतात. तिची घोडी सांबरशिंगाची असते, खुंट्यांवर हस्तिदंती नक्षी असते. वाघ्यामुरळीची जुनी दिमडी घोरपडीच्या कातड्याने मढवलेली असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा व्यापार बंद आहे. घोरपड तर सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांपैकी. वनखात्याची धाड हा नाद सोडवण्याचा सर्वांत जलद मार्ग ठरेल, पण या पुस्तिकेची शिफारस तशी नाही. घ्यायचीच तर फायबरच्या घोडीची घ्यावी, बकऱ्याच्या चामड्याची घ्यावी. खरं तर घेऊच नये.

सहावी पायरी म्हणजे रिकामं करणं. मोठ्या लोकांनी हे थाटात केलं. ‘द हू’चे जॉन एन्टविसल २००२ साली गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या बेस गिटारींचा ढीग लंडनमध्ये लिलावात निघाला, म्हणजे उपचार मृत्यूनंतर झाला. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मर यांनी जिवंतपणीच धीर केला. २०१९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला त्यांच्या सव्वाशेच्या आसपास गिटारी विकल्या गेल्या, दोन कोटी डॉलरच्या वर रक्कम आली आणि ती त्यांनी हवामानबदलाविरुद्ध लढणाऱ्या संस्थेला दिली. ज्या काळ्या गिटारीवर त्यांनी आयुष्य काढलं, ती एकटीच जवळजवळ चाळीस लाख डॉलरला गेली. भिवंडीतल्या रुग्णाने आपली काळी पेटी ओएलएक्सवर टाकून पाहावी. ‘लास्ट किती?’ एवढा निरोप येतो आणि गर्वहरण फुकटात होतं.

विकण्यापेक्षा देण्याला इथे गिऱ्हाईक जास्त. आगरी गावांत हळद बेंजोशिवाय होत नाही. बेंजो म्हणजे अमेरिकी बँजो नव्हे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा लावून जे ताइशोगोतो बनवलं, त्याचं इकडे स्थायिक झालेलं भावंड. रवी जाधवांनी २०१६ साली या पथकांवर हिंदी चित्रपट केला, पण त्याआधी आणि नंतरही बेंजोवाल्यांचा खरा प्रश्न एकच राहिला : वाद्य मोडलं की ऐन लग्नसराईत दुसरं कुठून आणायचं. कव्वालीला पेटी लागते, भजनाला लागते, पद्मानगरच्या तेलुगू भजनांना लागते. एकाच पेटीवर इतक्या जणांचा हक्क पोचतो असं गाव फार नसेल. सप्ताह आला की कुठल्या तरी मंडळाचा पखवाज फाटतो आणि मंडळ शेजारच्या गावाकडे मागायला जातं, त्याच वेळी मेहुण्याच्या गाळ्यात चार पखवाज गवसणीत असतात.

म्हणून देताना हे पाळावं. मोडकं देऊ नये. भात्याला भोक असलेली पेटी शाळेला देणं म्हणजे दुरुस्तीचं बिल देणं. देण्याआधी सूर मिळवून घ्यावेत, पुडी नवी चढवावी, सोबत हातोडी आणि सुट्या तारांचं पाकीट द्यावं. ‘जपून वापरा’ असं सांगू नये, कारण वाद्य वापरल्यानेच टिकतं. ‘मधूनमधून बघायला येईन’ असंही सांगू नये. आणि ज्या मंडळाला पेटी दिली, त्याच्या भजनाला निदान एकदा जाऊन टाळ धरावेत. टाळ मंडळाचेच वापरावेत, विकत घेऊ नयेत.

नवरात्राआधीचा महिना यासाठी सर्वांत सोयीचा. तेव्हा मंडळांची वाद्यांसाठी धावाधाव चालू असते आणि पावसाळ्याचे उपचार नुकतेच झाल्यामुळे रुग्ण मऊ पडलेला असतो. भिवंडी आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या घरी, माळ्यावर किंवा गाळ्यात न वाजणारी पेटी, तबला, पखवाज वा बेंजो असेल, त्यांनी या महिन्यात जवळच्या शाळेच्या किंवा मंडळाच्या माणसाला बोलावून ते दाखवावं. न्यायला टेम्पो तेच आणतात.